बारीक फोडलेला बर्फ

आमच्या घरात धंदा म्हणजे मासळीचा धंदा. बाकी कुणी काहीही करो, आई त्याला धंदा म्हणायची नाही. शेजारचा रिक्षा चालवतो, ते काम. समोरची ब्लाउज शिवते, तो तिचा टाइमपास. आणि मी दिवसभर कॉम्प्युटरसमोर बसून जे करते, ती 'तुझी चित्रां'. चित्रां झाली असतील तर भात लाव, असं ती मला सांगायची आणि माझं डोकं फिरायचं. तसं माझं डोकं फिरायला फार काही लागत नाही. तो गुण आईकडूनच आलाय, फक्त ती बाजारात वापरते आणि मी घरात.

मी बिल्डर लोकांसाठी फिल्म बनवते. इमारत अजून उभी नसते, पायाचा खड्डासुद्धा नसतो, पण मी ती कॉम्प्युटरवर उभी करते. गॅलरीत ऊन पडतं, पोहण्याच्या तलावात पाणी हलतं, कुंडीतली पानं वाऱ्यावर डोलतात. मग लोक ती फिल्म बघून फ्लॅट बुक करतात. ही सगळी उनसावली मोजायचं काम कॉम्प्युटरमधलं ग्राफिक्स कार्ड करतं. पाटीएवढी लांब वस्तू नव्हे, पण चांगली वीतभर, वर पंखे लावलेली. ते कार्ड गेलं की माझे हात गेले.

राहायला आम्ही अंधेरीच्या पश्चिमेला, खाडीकडच्या कोळीवाड्यात. एकामागे एक दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत आईचे थर्माकोलचे खोके, बर्फ फोडायचा दांडका, वजनकाटा. आतल्या खोलीत माझं टेबल. बाबा गेल्यावर होडी काकांकडे गेली, पण होडीचं सामान मात्र आमच्या माळ्यावरच राहिलं. घरात आम्ही दोघीच.

आधी मी जवळच्याच एका स्टुडिओत नोकरी करायची. आठ महिन्यांपूर्वी सोडली. कारण सांगायचं तर, दुसऱ्याच्या नावाने काम करायचा कंटाळा आला होता, एवढंच. आई तीन दिवस माझ्याशी बोलली नाही. चौथ्या दिवशी बोलली ते असं: "मी डोक्यावर पाटी घेतली ती तू घेऊ नये म्हणून. पंख्याखाली बसून पगार मिळत व्हता, त्यात तुला काय टोचत व्हतं?" स्टुडिओतले आमचे सर मात्र भला माणूस. त्यांनी जागा भरली नाही. महिन्या-दोन महिन्यांनी फोन करायचे, काय, येतेस का परत, म्हणून. मी टाळत राहिले. शेवटी एप्रिलमध्ये ते म्हणाले, "बुधवारपर्यंत सांग. त्यानंतर मलाही थांबता येणार नाही." त्याच बुधवारी सकाळी मला एका नव्या बिल्डरला दीड मिनिटाची फिल्म द्यायची होती. माझं मी ठरवून टाकलं. फिल्म वेळेवर गेली तर सरांना नाही म्हणायचं. नाही गेली तर गुपचूप परत जायचं आणि पुन्हा कधी असल्या उड्या मारायच्या नाहीत.

आणि शनिवारी सकाळी कार्डाने मान टाकली.

म्हणजे पूर्ण मेलं नव्हतं. दहा मिनिटं नीट चालायचं, मग स्क्रीनवर रंगीत ठिपके, मग अंधार. आकडे बघितले तर मेमरीचं तापमान एकशे सहा. हे कार्ड मी सेकंडहँड घेतलं होतं. आधीच्या मालकाने ते रात्रंदिवस राबवून पिळून काढलं होतं, हे मला नंतर कळलं. स्टेशनजवळच्या दुरुस्तीवाल्याकडे नेलं. त्याने ते हातातही घेतलं नाही. "मॅडम, फेकून द्या, नवीन घ्या," म्हणाला. असं बोलायला काय जातं. मी घरी आणलं आणि स्वतःच खोललं.

आत एवढंच असतं. मध्ये एक मोठी चिप, तिच्याभोवती मेमरीच्या लहान लहान चिपा, आणि या सगळ्यांच्या वर धातूचं एक जाड बूड. ते बूड गरमी शोषून घेतं आणि पंखे ती उडवून लावतात. मधली चिप बुडाला जवळजवळ चिकटून बसते, तिथे गरमी वाहून नेणाऱ्या पेस्टचा पातळ हात पुरतो. मेमरीच्या चिपा थोड्या बुटक्या, म्हणून त्यांच्यात आणि बुडात फट राहते, आणि त्या फटीत मऊ पॅड ठेवलेले असतात. माझे पॅड आठवडाभर उघड्या राहिलेल्या खरवसासारखे झाले होते. बोट लावलं की भुगा.

त्याच दुपारी ग्रँट रोडला गेले. चार दुकानं पालथी घातली. अर्ध्या मिलिमीटरचे पॅड होते आणि दोन मिलिमीटरचे होते. मला हवे होते साधारण एकचे. गुरुवारनंतर बघू, माल येईल, असं सगळेच म्हणत होते. मी दोनचे घेऊन आले. मऊ आहेत, स्क्रू आवळले की बसतील दाबून, असा माझा हिशोब. आणि जाड असलेले काय वाईट, जास्तच थंड करतील की.

रविवारी ते लावले आणि कार्ड दहा मिनिटांऐवजी एका मिनिटात बंद पडलं. जाड पॅडांनी बूड वर उचलून धरलं होतं आणि मधली मोठी चिप बिचारी अधांतरी राहिली होती. म्हणजे ताप होता हाताला आणि मी औषध देऊन डोकंही तापवलं. ब्लेडने पॅड मधोमध आडवे चिरून बघितले. त्यांचे तुकडे पडले. आई त्या दिवशी तीन वाजता आली, रविवारचा बाजार करून पार दमलेली. दोन घास खाल्ले आणि आडवी झाली.

सोमवारी सकाळी मी जे केलं ते फक्त आमच्याच घरातली मुलगी करेल. आमच्याकडे प्रत्येक दुखण्यावर एकच औषध, होडीच्या इंजिनाचं ग्रीस. दार करकरलं, ग्रीस. छत्री अडकली, ग्रीस. शिलाई मशीन, सायकल, बाथरूमची कडी, सगळ्याला ग्रीस. बाबांनी आणलेला डबा माळ्यावर अजून अर्धा आहे. आता, पेस्टची माझी ट्यूब लहानशी, सगळ्या फटी भरायला ती पुरणार नव्हती. मी विचार केला, पेस्टमध्ये ग्रीस मिसळू. घट्ट आहे, वीज वाहत नाही, समुद्रातल्या इंजिनावर टिकतं तर इथे काय धाड भरणार आहे? मिसळलं, फटींत भरलं, कार्ड चालू केलं.

पाच मिनिटं मी खुशीत होते. मग वास आला. ग्रीस पातळ होऊन कार्डाच्या कडेने खाली उतरत होतं, कॉम्प्युटरच्या डब्याच्या तळाशी तपकिरी थारोळं झालं होतं, आणि आकडा पुन्हा शंभरावर. खोलीत बाबांच्या होडीचा वास भरला. मी सगळं बंद केलं, खोललं, आणि स्पिरिट आणि कापूस घेऊन फरशीवर पुसत बसले. खरं सांगते, पुसताना रडत होते. कार्डासाठी नाही. परत त्याच स्टुडिओत त्याच खुर्चीवर जाऊन बसायचं, आणि सगळ्यांनी "आलीस का" म्हणून विचारायचं, हे डोळ्यांसमोर येत होतं.

सोमवारी लोक मासळी कमी खातात, त्यामुळे आई लवकर येते. बाराच्या सुमाराला ती दारात उभी. पाटी खाली ठेवली, नाक वर केलं.

"घरात होडी कोनी आनली?"

"आये, आत्ता बोलू नको माझ्याशी."

"कोन बोलतंय? मी वासाला इचारतंय."

ती आत आली. माझ्या मांडीवरचं उघडं कार्ड, तपकिरी कापूस, माझे डोळे, सगळं तिने एका नजरेत घेतलं. मग ती पदर खोचून समोर बसली. "काय झालाय सांग. माझ्या डोक्यात शिरल असा सांग."

मी चिडूनच सांगितलं. ही चिप, ही तापते. हे बूड, हे थंड. मध्ये फट. फट भरायला पाहिजे. जाड पॅड घातला तर बूड उचललं जातं, पातळ घातला तर टेकत नाही, आणि ग्रीस वितळतं. बुधवारी काम द्यायचंय. झालं समाधान?

ती उठून बाहेरच्या खोलीत गेली. मला वाटलं, कंटाळली. पण ती खोका ओढत आत आली. त्यात उरलेले चार बांगडे होते आणि बर्फाचा एक मोठा तुकडा. तिने एक बांगडा परातीत ठेवला आणि त्यावर तो तुकडा ठेवला.

"बग. कुठं टेकलाय?"

तुकडा एका टोकाला टेकला होता. बाकी सगळीकडे पोकळ.

"बरफ एवढा मोठा, पन मावऱ्याला लागलाय नखाएवढा. बाकी सगली हवा. हवा काय थंड करत नाय, हवा नासवतं." मग दांडक्याने तिने तो तुकडा फोडला. एकदम बारीक, जाड्या मिठासारखा. तो तिने बांगड्याभोवती दाबून बसवला, कल्ल्यात, पोटात, शेपटीखाली. "आता बग. मावऱ्याचा जसा आकार, तसा बरफाचा. जाड-बारीक लागला तर आपोआप सरकतंय. तुझा पॅड म्हंजी लादी हाय. फोड त्याला."

माझ्या दोन दिवसांच्या डोकेफोडीत हे एकदाही सुचलं नव्हतं. आणि ही बाई हे रोज पहाटे माझ्यासमोर करत होती, मी पांघरूण डोक्यावर ओढून त्या दांडक्याच्या आवाजाला शिव्या घालायची.

उरलेले पॅड मी कात्रीने बारीक चिरले. बारीक म्हणजे आईला पसंत पडेपर्यंत. "आजून. आजून. ह्ये सुरमईचा तुकडा हाय काय?" मग ट्यूबमध्ये राहिलेली पेस्ट त्यात पिळली. पॅड मुळातच मऊ, रबरी मेणासारखे. पेस्ट घातल्यावर ते एकमेकांना धरायला लागले. मळायला मी बसले, तर आईने वाटी ओढून घेतली. बाजारात मासळी साफ करताना घालते तसले हातमोजे चढवले आणि तांदळाच्या भाकरीचं पीठ मळतात तसं तळहाताने मळायला लागली. थोडं मळायची, चिमटीत घेऊन दाबायची, कडेला चीर पडली की पुन्हा मळायची.

"थोडा पानी?"

"पाणी नाही! आये, हे कॉम्प्युटरचं आहे."

"बरा, बरा. भाकरी तर करायची नाय ना, वरडतंस कशाला."

पंधरा-वीस मिनिटांनी गोळा असा झाला की दाबला तर पसरतो आणि कडा फुटत नाहीत. मी प्रत्येक मेमरी चिपवर एक एक छोटी गोळी ठेवली, पावट्याएवढी. मधल्या मोठ्या चिपवर पेस्ट हवी होती आणि ती तर सगळी मळण्यात गेली होती. आईने ट्यूब हातात घेतली, पाटावर ठेवली, लाटणं फिरवलं आणि तळातून चांगला थेंबभर ऐवज काढून दाखवला. टूथपेस्ट आमच्याकडे अशीच शेवटपर्यंत जगते.

बूड बसवताना मी सरळ वरून ठेवायला निघाले, तर तिने माझं मनगट धरलं. "एका कडेनं टेकव. हवेला जायाला वाट ठेव." मी एका कडेने टेकवलं. तिने दोन्ही अंगठ्यांनी सावकाश दाबलं, जशी ती माशाचं पोट दाबून बघते, ताजा आहे की नाही. मग लगेच म्हणाली, "काढ. बगू कसा बसलाय."

माझ्या जिवावर आलं. पण काढलं. मधल्या चिपवर पेस्टचा पातळ, सारखा थर. म्हणजे बूड तिथे नीट टेकत होतं. मेमरीवरच्या गोळ्या चपट्या होऊन पसरलेल्या. मी खूश होऊन परत लावायला घेतलं, तेवढ्यात आईने करंगळीने एक कोपरा दाखवला. "ह्यो उपाशी ऱ्हायला." तिथली गोळी गोलच होती, बुडाला शिवलीच नव्हती. मी तिथे थोडं जास्त लावलं. पुन्हा दाबलं, पुन्हा काढून बघितलं. मग स्क्रू आवळले, एक इकडचा एक तिकडचा, थोडे थोडे.

दुपारी अडीच वाजता कार्डाला फिल्मच्या कामाला जुंपलं. आकडा चढायला लागला. सत्तर. शहात्तर. एकोणऐंशी. आई माझ्या पाठीशी उभी, हातमोजे अजून तसेच. ब्याऐंशी. चौऱ्याऐंशी. आणि चौऱ्याऐंशीवर थांबला. दहा मिनिटं झाली, वीस झाली, तिथेच.

"जास्त हाय?"

"नाही गं. झकास आहे."

"मंग त्वांड असा कशाला केलंस?" असं म्हणून ती बांगडे साफ करायला गेली.

थोड्या वेळाने बघते तर तिने उरलेला बर्फ थाळीत घालून थाळी टेबल फॅनसमोर मांडली होती आणि फॅनचं तोंड माझ्या कॉम्प्युटरकडे. मी किंचाळलेच. दमट हवा आत गेली असती तर पुढचं सगळं पाण्यात. ती थाळी उचलून पुटपुटत गेली, की बाजारात उभा राहील का असला नाजूक माल. त्या संध्याकाळी आम्ही बांगड्याचं तिखलं आणि भात खाल्ला, कॉम्प्युटरची घरघर ऐकत. मला बऱ्याच दिवसांनी भूक लागली होती.

मंगळवारभर फिल्म शिजत होती. आई बाजारातून आली ती हातपाय धुवायच्या आधी आत आली आणि हाताची पालथी बाजू डब्याला लावून बघितली. बुधवारी सकाळी मी उठले तेव्हा फिल्म पूर्ण झाली होती. दीड मिनिट, एकही ठिपका नाही. नऊ वाजता बिल्डरला पाठवली. साडेदहाला त्याचा निरोप आला, छान आहे, पुढच्या इमारतीचं पण तुम्हीच करा. मी खुर्चीत बसल्या बसल्या एकटीच हसत होते.

इथे एक गोष्ट मागे जाऊन सांगायला हवी. दर बुधवारी पहाटे आई बंदरावरून माल आणायची तेव्हा सगळ्यात मोठं, सगळ्यात ताजं पापलेट बाजूला काढायची. वेगळ्या पिशवीत, वेगळा बर्फ घालून. आमच्या घरी पापलेट शिजत नाही, आम्ही बोंबील आणि मांदेली खाणारी माणसं, चांगला माल विकायचा असतो. मी एकदा विचारलं तर म्हणाली, "एका गिऱ्हाईकाचा हाय." दर बुधवारी तेच. मी चिडवायची, "कोण गं हा जावई, एवढे लाड करतेस?" त्यावर ती नुसती "हाय एक," म्हणायची.

तर साडेदहानंतर मी धीर करून सरांना फोन लावला. कशी सुरुवात करावी याची मनात चार वाक्यं जुळवली होती. "सर, मी विचार केला..." एवढंच झालं आणि ते हसले.

"येत नाहीयेस. माहीत आहे मला."

"कसं काय?"

"मावशींनी आठ वाजताच सांगितलं. मार्केटमध्ये."

मला काही समजेना. मग ते म्हणाले, "तुला माहीत नाही? ऑफिसच्या पूजेला आईला घेऊन आली होतीस ना, तेव्हाची ओळख. तू सोडून गेलीस त्याच आठवड्यात मला गाठून म्हणाल्या, पोरगी तापट आहे, पण कामाला वाईट नाही, तिची जागा ठेवा. तेव्हापासून दर बुधवारी पापलेट. पैसे घेतील तर शपथ. आठ महिने मी जागा अडवून धरली ती काय तुझ्या तोंडाकडे बघून?"

मी फोन घेऊन बाहेरच्या खोलीत, आईच्या रिकाम्या खोक्यांपाशी जाऊन उभी राहिले.

"आज मी नेहमीसारखा गेलो," सर म्हणाले, "तर पिशवी द्यायला तयार नाहीत. म्हणाल्या, साहेब, मशीन रातभर बंद पडला नाय, आता ती जागा दुसऱ्या कुनाला द्या. माझ्या पोरीचा धंदा लागलाय."

फोन ठेवला. भात लावला.

आई दोन वाजता आली. पाटी उतरवली, नेहमीसारखी आत गेली, हाताची पालथी बाजू डब्याला लावली. मग तिने पाटीतून ती वेगळी पिशवी काढली, बर्फ झटकला आणि पापलेट माझ्या हातात दिलं.

"धू. आज तळूया."